बरोबर वर, बरोबर खाली: ट्रायम्फ बॉनव्हिलचं इंजिन समजून घेऊ

दोन्ही हातांच्या मुठी वळा आणि छातीसमोर शेजारी-शेजारी धरा. आता दोन्ही मुठी बरोबरच वर न्या आणि बरोबरच खाली आणा. वेग वाढवत राहा. थोड्या वेळात खांदे हलू लागतील, मग खुर्चीही करकरेल. आता दुसऱ्या तऱ्हेने करून बघा. एक मूठ वर जाईल तेव्हा दुसरी खाली. हात तेवढेच चालतायत, पण खांद्यांची उसळी थांबली. कमरेत किंचित पीळ पडतो, एवढंच.

१९३७ साली इंग्लंडमध्ये एका माणसाने मोटरसायकलच्या इंजिनासाठी यातली पहिली तऱ्हा निवडली. त्याचं नाव एडवर्ड टर्नर, कंपनी ट्रायम्फ, गाव कॉव्हेंट्री. त्या इंजिनाच्या वंशात पुढे बॉनव्हिल जन्मली. माझ्या लेखी त्या काळातल्या ब्रिटिश दोन-सिलिंडर गाड्यांमध्ये हिच्याइतकी देखणी दुसरी नाही. पण जी तऱ्हा उघडउघड हादरे देते ती शहाण्या इंजिनिअरने का घ्यावी? याचं उत्तर हाती आलं की बॉनव्हिलचं बाकी सगळं उलगडतं. तिचा आवाज, तिचं तेल गळणं, तिचा खप, आणि तिचा शेवटही.

त्या काळी इंग्लंडमधली नेहमीची दणकट गाडी म्हणजे ५०० सीसीची सिंगल, म्हणजे एकाच सिलिंडरची. आपल्याला बुलेट माहीत आहे, तेव्हा सिंगल काय असते हे वेगळं सांगायला नको. एक मोठा पिस्टन, लांबलांब ठोके, खालच्या वेगात भरपूर ओढ. अडचण वरच्या वेगात येते. मोठा पिस्टन जड असतो, आणि जड वस्तू फार भराभर वर-खाली नाचवता येत नाही. तेच ५०० सीसी दोन सिलिंडरांत वाटले तर पिस्टन लहान होतात, हलके होतात, जास्त फेरे घेतात आणि जास्त ताकद देतात.

दोन सिलिंडर शेजारी-शेजारी बसवायची ही कल्पना टर्नरची पहिली नव्हे. ट्रायम्फनेच १९३३ साली व्हॅल पेज या डिझायनरची ६५० सीसीची ट्विन काढली होती. ती मजबूत होती, पण जड आणि महाग, आणि ती फारशी खपली नाही. १९३६ साली जॅक सँगस्टर यांनी ट्रायम्फचा मोटरसायकल विभाग विकत घेतला आणि टर्नरला तिथे मुख्य केलं. टर्नरला ट्विन हवी होती, पण सिंगलच्या जागेत बसणारी आणि सिंगलच्या आसपासच्या किमतीची. त्याची सगळी हुशारी या एका अटीत आहे असं मला वाटतं.

आता पिस्टनांकडे. चार-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला एक काम पुरं करायला चार चाली लागतात: हवा-पेट्रोल आत ओढणं, दाबणं, पेटल्यावर खाली ढकललं जाणं आणि धूर बाहेर काढणं. चार चाली म्हणजे क्रँकचे, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली चालीने गोल फिरणाऱ्या दांड्याचे, दोन पूर्ण फेरे. या दोन फेऱ्यांत प्रत्येक पिस्टनच्या वाट्याला एकच स्फोट येतो. मग दोन पिस्टनांचे दोन स्फोट कधी व्हावेत?

समजा मुठींची दुसरी तऱ्हा घेतली, एक वर तर एक खाली. मग पहिला स्फोट झाल्यावर अर्ध्या फेऱ्यात दुसरा होतो आणि नंतर दीड फेरा शांतता. धड-धड… धड-धड… असा लंगडा ताल. पहिली तऱ्हा घेतली, दोन्ही पिस्टन बरोबर वर आणि बरोबर खाली, तर एका फेऱ्यात डाव्याचा स्फोट आणि पुढच्या फेऱ्यात उजव्याचा. अंतर कायम सारखं. दोघी जणी उखळात कांडताना आळीपाळीने घाव घालतात, तसा हा नेमका ताल. फरक इतकाच की इथे दोन्ही मुसळं एकदम वर जातात आणि एकदम खाली येतात, पण दाणे दर खेपेला एकाच मुसळाखाली असतात.

हा सारखा ताल टर्नरला एवढा मोलाचा का वाटावा? कार्बोरेटरसाठी, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून सिलिंडरला पुरवणाऱ्या भागासाठी. सिलिंडर आळीपाळीने, सारख्या अंतराने हवा ओढत असतील तर एकच कार्बोरेटर दोघांना समसमान पुरवठा करतो. ताल लंगडा असेल तर एकाची ओढ दुसऱ्याच्या पाठोपाठ येते आणि वाटणी बिघडते. मग दोन कार्बोरेटर लावा, खर्च वाढवा. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोलाही सारखं अंतर सोयीचं. शिवाय ‘एक वर, एक खाली’ या तऱ्हेत कमरेला जो पीळ पडतो, तो इथे नाही. दोन्ही पिस्टन जोडीने चालतात, एकमेकांविरुद्ध ओढाताण करत नाहीत. इंजिन अरुंद, साधं आणि स्वस्त झालं.

जुलै १९३७ मध्ये ही गाडी जाहीर झाली. नाव स्पीड ट्विन, ४९८ सीसी, २७ अश्वशक्ती, किंमत ७५ पौंड, म्हणजे ट्रायम्फच्याच ५०० सीसीच्या भारी सिंगलपेक्षा अवघे ५ पौंड जास्त. रंग तांबूस-किरमिजी. इंजिन इतकं आटोपशीर की दोन सायलेन्सरची सिंगलच उभी आहे असं बघणाऱ्याला वाटावं. सिंगलच्याच चौकटीत ते बसलं. सिलिंडरचा ब्लॉक सुरुवातीला सहाच स्टडवर, म्हणजे आटे पाडलेल्या खुंट्यांवर, कसलेला होता आणि तिथे तो कमजोर पडायचा, म्हणून लवकरच आठ स्टड आले. बाकी रचना पुढे चाळीसहून अधिक वर्षं तीच राहिली. नॉर्टन, बीएसए, एजेएस, रॉयल एनफिल्ड या सगळ्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर आपापल्या ट्विन काढल्या, त्याही दोन्ही पिस्टन बरोबर चालवणाऱ्या. ब्रिटिश ट्विन म्हणून जी चीज ओळखली जाते ती या एका गाडीमागून आली.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्री उद्ध्वस्त झालं आणि ट्रायम्फचा कारखानाही गेला. नवा कारखाना जवळच्या मेरिडेन गावी उभा राहिला आणि १९४२ पासून तिथे काम सुरू झालं. युद्धानंतर देशाला डॉलर हवे होते आणि अमेरिकेला वेगवान गाड्या. अमेरिकेतले रस्ते लांब आणि सरळ, तिथल्या लोकांना ५०० सीसी अपुरं वाटायचं. म्हणून १९४९ च्या सप्टेंबरमध्ये ६४९ सीसीची थंडरबर्ड आली. फ्रान्समधल्या माँलेरीच्या ट्रॅकवर अशा तीन गाड्या ५०० मैल पळवल्या, सरासरी ताशी ९० मैलांच्या वर.

हादऱ्यांची गोष्ट इथून गंभीर होते.

पिस्टन वर जातो, वरच्या टोकाला क्षणभर थांबतो, उलटा फिरतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. प्रत्येक थांब्याला त्याला आवरायला जोर लागतो आणि तो जोर क्रँकमधून इंजिनाला, इंजिनातून चौकटीला आणि चौकटीतून तुमच्या तळहातांना जाणवतो. मिनिटाला ६,५०० फेरे धरा. म्हणजे सेकंदाला १०८ फेरे, म्हणजे एक पिस्टन सेकंदात दोनशेहून जास्त वेळा थांबून उलटा फिरतो. बॉनव्हिलच्या पिस्टनची चाल ८२ मिलिमीटर आहे. त्यावरून हिशोब मांडला तर वरच्या टोकाला पिस्टनवर गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजार पटींहून जास्त ताण येतो. समजा पिस्टन पाव किलोचा आहे, तर त्या क्षणी तो पाचशे किलोंहून अधिक जोराने इंजिनाला वर ओढतोय. असे दोन पिस्टन, आणि दोन्ही एकाच वेळी एकाच दिशेला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. फेरे दुप्पट केले तर हादरा चौपट होतो. मिनिटाला ५,००० फेऱ्यांवरून ७,००० वर गेलात तर फेरे दीडपटीहूनही कमी वाढले, हादरा मात्र जवळपास दुप्पट. स्पीड ट्विनमध्ये जे गोड गुणगुणणं होतं, ते मोठ्या इंजिनात आणि वरच्या वेगात हात बधिर करणारं का झालं, ते यात आहे.

मग क्रँकवर उलट बाजूला वजन लावून हे मिटवता येत नाही का? अर्धंच मिटवता येतं. पिस्टन वर असताना वजन खाली असतं, तिथे ते एकमेकांना सांभाळतात. पण पिस्टन सरळ रेषेत वर-खाली करतो आणि वजन गोल फिरतं. पिस्टन मधोमध आला की वजन पुढच्या किंवा मागच्या बाजूला आलेलं असतं, आणि तिथे त्याला तोलायला समोर कुणीच नसतं. म्हणजे वर-खालीचा हादरा कमी केला तर पुढे-मागेचा वाढतो. इंजिनिअर मधला मार्ग काढतात. कोणता हादरा किती ठेवायचा, आपल्या चौकटीला कोणता कमी जाणवेल, हे ठरवतात. हादरा जात नाही, फक्त दिशा बदलतो.

हे माहीत असूनही अमेरिकेकडून मागणी एकच: आणखी वेग. १९५६ च्या सप्टेंबरमध्ये जॉनी ॲलन या टेक्ससच्या माणसाने यूटा राज्यातल्या बॉनव्हिल नावाच्या मिठाच्या मैदानावर ताशी २१४ मैल, म्हणजे जवळजवळ ३४५ किलोमीटर वेग गाठला. माशाच्या आकाराच्या लांबट कवचात तो जवळपास आडवा बसला होता आणि मागे होतं ट्रायम्फचं ६५० सीसीचं इंजिन. आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाने हा विक्रम मान्य केला नाही, त्यावरून मोठा वाद झाला. ट्रायम्फने त्या मैदानाचं नाव आपल्या नव्या गाडीला देऊन टाकलं.

टी १२० बॉनव्हिल १९५८ च्या अखेरीस लंडनच्या प्रदर्शनात आली, १९५९ चं मॉडेल म्हणून. १२० म्हणजे ताशी १२० मैलांचा दावा, १९३ किलोमीटर. इंजिन थंडरबर्डचंच ६४९ सीसीचं, पण ताकद ४६ अश्वशक्ती, आणि हेडमधून, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणातून, बाहेरच्या दिशेला फाकलेली दोन तोंडं, त्यावर ॲमल कंपनीचे दोन कार्बोरेटर. एकाच कार्बोरेटरवर समाधानाने चालावं म्हणून टर्नरने जो सारखा ताल निवडला होता, त्याच इंजिनावर आता दोन कार्बोरेटर आले! कारण साधं आहे. वरच्या वेगात एका कार्बोरेटरच्या गळ्यातून दोघांची तहान भागत नाही. प्रत्येकाला स्वतःची सरळ वाट दिली की ताकद वाढते. मात्र दोन्ही कार्बोरेटर सारखे उघडले पाहिजेत. एक केबल जराशी ताणली गेली की स्लोवर गाडी अडखळते आणि हादरे वाढतात. ट्रायम्फचीच एका कार्बोरेटरची ट्रॉफी जवळपास तितकीच वेगवान होती आणि कितीतरी समंजस. रोज चालवायला मी तीच निवडेन. बघायला मात्र बॉनव्हिल.

जुन्या ब्रिटिश गाडीखाली तेलाचा डाग असायचाच असं म्हणतात, त्यातही या पिस्टनांचा हात आहे. पिस्टनच्या खालच्या बाजूला, क्रँक फिरतो त्या बंद पेटीत, हवा असते. एक वर, एक खाली या तऱ्हेत ती हवा नुसती इकडून तिकडे सरकते. दोन्ही पिस्टन बरोबर खाली येतात तेव्हा मात्र ६५० सीसी हवा एकदम दाबली जाते आणि वर जाताना तितकीच ओढली जाते. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे एक भाताच. तो सेकंदाला शंभर वेळा फुंकर मारतो. ही हवा बाहेर सोडायला कॅमशाफ्टच्या, म्हणजे वाल्व उघडवणाऱ्या दांड्याच्या, टोकाला एक झडप होती, पण ती पुरायची नाही. हवा जिथे फट दिसेल तिथून निघायची आणि तेल सोबत न्यायची. त्यात इंजिनाची खालची पेटी डावी-उजवी अशी उभ्या सांध्याने जोडलेली, म्हणजे सांधा थेट तेलात बुडालेला. कॅमशाफ्टची चाल वर वाल्वपर्यंत नेणाऱ्या सळ्या म्हणजे पुशरॉड, त्यांच्या चकचकीत नळ्यांना वर-खाली रबरी सील, ती वर्षा-दोन वर्षांत कडक व्हायची. वरून हादरे, प्रत्येक बोल्ट हळूहळू सैल करणारे. मेकॅनिकच्या भाषेत सांगायचं तर पॅकिंग कितीही चांगलं बसवा, इंजिन रोज ते आतून ढकलतंय.

एवढं असूनही साठच्या दशकात ही गाडी शिखरावर होती. १९६३ मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात आले. डग हील या इंजिनिअरने चौकट आणि पुढचा फोर्क सुधारला, आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी मिळालेली बॉनव्हिल ही सगळ्यात परिपूर्ण, यावर जाणकारांचं बऱ्यापैकी एकमत आहे. १९६९ साली आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत माल्कम अपहिलने बॉनव्हिलवर प्रॉडक्शन गटातली, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या गाड्यांच्या गटातली, ताशी १०० मैलांहून वेगवान अशी पहिली फेरी मारली. त्याच्या गाडीला डनलॉपचे टायर होते. त्या टायरला पुढे टीटी १०० हे नाव मिळालं.

त्याच वर्षी होंडाची चार सिलिंडरची सीबी ७५० बाजारात आली. चार पिस्टन, दोन वर असताना दोन खाली. मुठींची दुसरी तऱ्हा, पण जोडीजोडीने मांडल्यामुळे कमरेचा पीळही गेला. बटण दाबून सुरू होणारी, पुढे डिस्क ब्रेक असलेली आणि खाली तेलाचा डाग न पाडणारी, कारण तिच्या पेटीचा सांधा आडवा होता, तेलाच्या वर. टर्नर स्वतः १९६० साली जपानला जाऊन होंडा, सुझुकी आणि यामाहाचे कारखाने बघून आला होता. तिथला उत्पादनाचा आवाका पाहून तो चकित झाला आणि परतल्यावर त्याने तसा इशारेवजा अहवालही लिहिला. मेरिडेनमधलं इंजिन मात्र तेच राहिलं. तेच खपत होतं. पिस्टन बरोबर चालणारे, क्रँकला आधार फक्त दोन टोकांना, मध्ये काहीच नाही. २७ अश्वशक्तीसाठी आखलेल्या सांगाड्यावर ४६ आणि पुढे त्याहून जास्त ताकद लादली जात होती. नॉर्टनने निदान १९६७ मध्ये कमांडो काढताना इंजिन रबरावर तरंगतं ठेवलं. त्यांनी हादरा मिटवला नाही, पण चालवणाऱ्यापर्यंत पोहोचू दिला नाही. ट्रायम्फने तेवढंही केलं नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

१९७१ ची नवी चौकट, जिच्या मुख्य नळीतच तेल साठवलेलं होतं, उंच सीटमुळे बदनाम झाली. १९७३ मध्ये इंजिन वाढवून ७५० च्या घरात नेलं, ७४४ सीसी. चाल अजून ८२ मिलिमीटरच, पिस्टन मात्र आणखी रुंद आणि जड. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एडवर्ड टर्नर वारला. पुढच्याच महिन्यात मालकांनी मेरिडेनचा कारखाना बंद करायचं जाहीर केलं.

कामगारांनी दारं अडवली. तयार गाड्या आणि यंत्रं बाहेर जाऊ दिली नाहीत. सुमारे दीड वर्ष हे चाललं. मजूर पक्षाचं सरकार आल्यावर मंत्री टोनी बेन यांनी त्यांना कर्ज मिळवून दिलं आणि मार्च १९७५ मध्ये कामगारांची सहकारी संस्था बॉनव्हिल बनवू लागली. सहकारी साखर कारखान्यांचा महाराष्ट्र बघितलेल्या माणसाला या प्रयोगाचं मोठेपण आणि अवघडपण दोन्ही चटकन समजेल. अमेरिकेच्या नियमामुळे गिअर उजव्या पायाकडून डाव्याकडे आणावा लागला, तोही त्यांनी आणला. इलेक्ट्रिक स्टार्ट १९८० मध्ये आला, होंडानंतर अकरा वर्षांनी. नवं इंजिन आखायला पैसा कधी उरलाच नाही. १९८३ मध्ये संस्था बुडाली. कारखाना पाडून तिथे घरं बांधली गेली. त्या वसाहतीतल्या एका गल्लीचं नाव बॉनव्हिल क्लोज आहे.

ट्रायम्फ हे नाव जॉन ब्लूर या घरबांधणी व्यावसायिकाने विकत घेतलं आणि हिंकली गावी अगदी नव्याने कारखाना उभारला. तिथून २००१ मध्ये पुन्हा बॉनव्हिल आली, ७९० सीसीची. दोन्ही पिस्टन अजून बरोबरच चालणारे, पण आता हादरे मोडायला आत उलट फिरणारे बॅलन्सर दांडे. २०१६ च्या पिढीत मात्र क्रँकच बदलला. पुन्हा मुठी समोर धरा. या वेळी एक मूठ अगदी वरच्या टोकाला थांबलेली असेल तेव्हा दुसरी मधोमध, पूर्ण वेगात असेल. एक थांबते तेव्हा दुसरी धावते. दोघी एकदम कधीच थांबत नाहीत, त्यामुळे क्रँकला सारखे धक्के बसत नाहीत आणि बारीक, झिणझिण्या आणणारा हादरा आपसात मिटतो. उरलेल्यासाठी बॅलन्सर आहेच. यामाहाने नव्वदच्या दशकात हे करून दाखवलं होतं. यात स्फोटांमधलं अंतर सारखं राहत नाही. एक पाऊण फेऱ्याचं, दुसरं सव्वा फेऱ्याचं.

आज ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या सिंगल पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात बनतात. पण बॉनव्हिलचा कान तयार करायचा तर आपल्या रस्त्यावर वेगळीच गाडी कामाची आहे: रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर, ६४८ सीसी, जुन्या बॉनव्हिलपेक्षा एकाच सीसीने कमी. तिचा क्रँकही नव्या तऱ्हेचा. सिग्नलला ती शेजारी येऊन थांबली तर काच खाली करून ऐका: धड-धड… धड-धड… जरासा मोडलेला, डुलत येणारा ताल. मग कधी एखाद्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यात साठच्या दशकातली टी १२० किक मारून सुरू होताना सापडली, तर तिथेही थांबा. तिचा ताल सरळ असेल, घाव सारख्या अंतरावर पडतील, आणि पेट्रोलच्या टाकीवर तळहात ठेवलात तर दोन्ही पिस्टन बरोबर वर आणि बरोबर खाली जाताना हाताला कळतील.